व्यवसायाचा रकाना

विट्याच्या दवाखान्यात तिसरा आठवडा.
माझ्या कोटावर लिहिलंय : फिजिशियन असिस्टंट, विद्यार्थी.
रोज कुणीतरी विचारतं,
म्हंजी नर्स का डॉक्टर?
मी सांगायला लागते, तोवर त्यांचा नंबर येतो.

पहिले दहा दिवस भिंतीला पाठ लावून उभी होते.
राउंड माझ्यासमोरून जायचा
थांब्यावर न थांबणाऱ्या एसटीसारखा.
लॉगबुकात सह्यांचे चौकोन :
सलाइन दहा, टाके पाच, ईसीजी वीस.
रात्री खोलीवर मी ते रिकामे चौकोनच मोजायचे.

कोळेकर सिस्टर म्हणाल्या,
भिंत पडत नाही गं, सोड तिला.
बीपीचा पट्टा घे आणि एक नंबर खाटेपासून सुरू कर.
कुणी सांगायची वाट बघशील
तर पोस्टिंग संपेल, आणि पाठ काय होईल?
आमच्या पंख्याची पाती.

म्हणून सुरू केलं.
पट्ट्याचं व्हेल्क्रो जुनं, सोडवताना खर्रकन वाजायचं,
झोपलेला पेशंट दचकायचा.
चुकले. जिथं दीडशे होतं तिथं एकशेदहा ऐकलं.
डॉ. मगदूम काही बोलले नाहीत,
पट्टा परत माझ्या हातात दिला.

मग खाट नंबर सात.
बाजीराव मुळीक, वय चौसष्ट, कोरडा खोकला, सात महिने.
केसपेपरवर माझं अक्षर : व्यवसाय, शेती.
पाठीला स्टेथोस्कोप लावला,
आणि खाली, श्वास भरत आला तिथं,
तोच आवाज, पट्टा सोडवतानाचा,
पण बारीक, लांबचा,
जणू आत कुणी हळूहळू काहीतरी उसवतंय.

मी सरांना सांगितलं, पुस्तकातला शब्द वापरून.
त्यांनी स्वतः ऐकलं, डोळे मिटून.
मग केसपेपरवर बोट ठेवलं :
शेतीच्या आधी?

मला माहीत नव्हतं.
मी विचारलंच नव्हतं,
तेही खानापूर तालुक्यातल्या माणसाला.

ओपीडी ओसरल्यावर स्टूल ओढून बसले.
"आधी व्हय? आधी कोइमतूर.
गलईचं दुकान. तेवीस वर्सं.
सोनारांच्या दुकानातला केर आणायचा,
जाळायचा, राख धुवायची, मग तेजाब.
तांबडा धूर निघायचा. खिडकी एकच,
ती बी बंद.
सोन्याचं काम, उघडी कशी ठिवायची?"
हसले. हसता हसता खोकला लागला,
मी पाण्याचा पेला धरला.
"केर फेकायचा न्हाय, पोरी.
त्यातच असतंय."

किती तास, कुठलं तेजाब,
तोंडाला काय बांधायचात?
("गळ्यातला टावेल. घाम आला की त्यो बी काढायचा.")
सोबत कोण होतं, ते कसे आहेत?
"दोघं गेलं. दम लागून."
केसपेपर भरला, मी मागच्या बाजूला लिहीत गेले.

संध्याकाळी त्यांना मिरजेला पाठवलं, छातीच्या स्कॅनसाठी.
मुलानं जीपमध्ये पुढं बसवलं, काच खाली केली.
पुढं काय झालं, मला अजून कळलेलं नाही.
दोनदा फोन केला. लागत नाही.

लॉगबुकात यासाठी चौकोन नाही.
सर पानं उलटत राहिले,
मग समासात सही केली, तारीख घातली,
कशाची ते लिहिलं नाही.

आज सात नंबरवर नवी बाई आहे, लेंगऱ्याची, पायांना सूज.
पट्टा गुंडाळला, फुगवला, ऐकलं,
खात्री नव्हती म्हणून परत ऐकलं.
मग व्यवसाय विचारला.
"काय न्हाय," त्या म्हणाल्या, "घरीच असते."

मी स्टूल ओढलं.