दहा मिनिटं

उद्यमनगरातल्या फौंड्रीसाठी
मीच लिहिलं होतं: दहा मिनिटं हालचाल नाही
तर माणूस बाहेर.

बाबालाल मुल्लाणी लॉगिन करून
भट्टीकडं जायचे.
ओतकाम काही दहा मिनिटांत उरकत नाही.
परत येईस्तोवर स्क्रीन विचारायचा, आपण कोण?

तिसऱ्यांदा फोन आला.
‘मी हाय की हितंच. कुठं जातोय?’

नोंदी उघडल्या तर ते दोनदा निघाले,
एक मुल्लाणी, एक मुलाणी.
एकाची हजेरी, दुसऱ्याचा पगार.
कुठला पुसू?
‘पगारवाला ऱ्हाऊ द्या.’

मुदत आठ तास केली.
बदलाचं कारण लिहायच्या चौकटीत
कर्सर बराच वेळ लुकलुकत राहिला.
शेवटी लिहिलं,
रस अजून ओतायचाय.