आठवी बाटली

काठाजवळ मोटरची काहीच तक्रार नसते.
धक्क्याला नाव बांधलेली असली की एका हिसक्यात सुरू,
आणि मग असा एकसुरी आवाज
की दुर्जन बाथम विडी कानामागे खोचून म्हणतो,
बघा, उगाच बदनाम केलीत बिचारीला.

नखरे मधोमध.
जिथून तिघऱ्याचे दोन्ही काठ सारखेच लांब,
आणि जूनमधली दुपार चारच्या सुमाराला
पश्चिमेकडून पिवळी पडत येते.
हा रंग ग्वाल्हेरात सगळ्यांना ओळखू येतो.
लष्करात गच्चीवरचे पापड भराभर गोळा होतात,
बाड्यावरचे हातगाडीवाले ताडपत्रीला गाठी मारतात.
आम्ही पाण्यावर होतो.
सात बाटल्या भरल्या होत्या,
आठवी रिकामी माझ्या मांडीवर.

आंधी आली.
लाटा म्हटलं तर रत्नागिरीची माझी वहिनी हसेल,
पण चौदा फुटी पत्र्याच्या नावेला तेवढ्या पुरतात.
मोटर खोकली,
दोन ठोके चुकली, पुन्हा लागली,
आणि गेली.
मग ऐकू आल्या पत्र्यावरच्या थपडा.
त्या आधीपासूनच बसत होत्या.

वल्हं माझ्या हातात देत दुर्जन म्हणाला,
नाक वाऱ्याकडे धरा, बाकी काही करू नका.
एवढंच करायला माझे दोन्ही खांदे कमी पडले.

तो मात्र घरातला हरवलेला चष्मा शोधावा तसा, सावकाश.
टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू: उघडा.
नळीतला रबरी फुगा दाबला: टणक.
म्हणजे श्वास कोंडलेला नाही.
प्लग काढला, बनियनच्या कडेवर टेकवला.
ओला आहे, म्हणाला.
कशाने? मी विचारलं.
एकोणीस वर्षांची सवय, वादळातही सुटत नाही.
त्याने माझ्याकडे पाहिलं,
प्लग नाकाशी नेला,
आणि काही न बोलता फिल्टरची वाटी सोडवून
माझ्या मांडीवरच्या बाटलीत ओतली.

दोन थर.
वर निळसर पेट्रोल,
खाली बोटभर पाणी. नितळ,
ज्याला पाहून लोक म्हणतात, काय सुंदर पाणी आहे हो,
आणि मी म्हणते, थांबा, तपासू द्या.

हिवाळाभर टाकी अर्धीच भरलेली.
उरलेल्या अर्ध्यात हवा,
रात्री गार पत्र्याला आतून फुटलेला घाम,
थेंबाथेंबाने तळाला.
संथ पाण्यात तळातलं तळातच राहतं.
नाव हेंदकाळली की नळीच्या तोंडाशी येतं.

यावरून काही शिकावं असं मला तेव्हा वाटलं नाही.
तेव्हा वल्हं जड होतं, दातांत धूळ होती,
आणि धरणाची भिंत मगाचपेक्षा जवळ आली होती.

दुर्जनने माझी कागदांची पिशवी मागितली,
टाकीच्या एका कोपऱ्याखाली कोंबली.
टाकी कलली. पाणी गेलं उताराला,
नळी राहिली चढावर.
पिशवीत टाकी बदलून मिळावी म्हणून केलेले
तीन अर्ज होते.
त्यांचा असा उपयोग शिरगोपीकर साहेबांना सुचला नसता.

पाच हिसके फुकट गेले.
सहाव्याला मोटर लागली,
रागावलेल्या माणसासारखी, तुटक तुटक,
आणि आम्ही अर्ध्या वेगाने,
टाकी हलू नये म्हणून दुर्जनचा एक पाय तिच्यावर,
काठाला लागलो.

सात बाटल्या प्रयोगशाळेत गेल्या.
आठवीवर मी चिठ्ठी लावली.
ठिकाण: टाकीचा तळ. रंग: नाही.
पिण्यास योग्य: नाही.
दुर्जनने ती मागून घेतली.

सोमवारी साहेबांच्या टेबलासमोर
उभा राहून तो ती जोरजोरात हलवत होता.
आतलं सगळं गढूळ, एकजीव.
साहेब म्हणाले, मला तर काहीच दिसत नाही.
त्याने बाटली फाइलींवर ठेवली,
कानामागची विडी चाचपली आणि म्हणाला,
आता एक मिनिट बघत राहा.