तिसऱ्या रांगेत हवा

माणशी दीडशे रुपये, पाचच्या आतल्यांना अर्धे,
आणि इराला सहा पूर्ण झालीयत हे आत्याने सांगितलं नाही.
भांडुपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत, दुसऱ्या मजल्यावर,
जिथे आधी बटणांचे साचे बनत,
तिथे आता तुळशीची परदेशातली बहीण राहते, बेझिल,
आणि पुदिन्याचे चार प्रकार, आणि थाइम,
जो आत्याच्या मते सरळसरळ ओवा.

आत जाण्याआधी चपलांवर निळ्या पिशव्या,
डोक्यावर इलॅस्टिकची टोपी.
अशी टोपी पपांनी याआधी एकदाच घातली होती,
आईला काचेपलीकडून पाहायला.
त्यांनी ती नीट कानांमागे सारली.
आम्ही सगळे एकदम आपापल्या पायांकडे पाहू लागलो.

आत जांभळा उजेड. माणसं वांग्यांसारखी दिसत होती.
ग्लॅडविन नावाचा मुलगा, वसईचा, सांगत होता:
इथे माती नाही, ऊन नाही, कीड नाही.
त्याने एक रोप अलगद उपसून दाखवलं.
पांढरी, ओली, लोंबती मुळं.
"याचे केस आत्ताच धुतलेत का?" इरा.
"कोथिंबीर केवढ्याला?" आत्या.
पन्नास ग्रॅम, ऐंशी रुपये.
"आमच्या भाजीवालीला सांगू नकोस हो,
ती उद्यापासून टोपी घालून बसेल."

पपा मागेच राहिले होते.
चौतीस वर्षं पालिकेत, पाणीखातं, चावीवाले.
रस्त्यातलं झाकण उचलून लांब चावी आत सोडायची,
मोजून फेरे द्यायचे,
की पलीकडच्या गल्लीत बादल्या वाजू लागत.
कुठल्या चावीला किती फेरे, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.
आई गेल्यापासून ते बोलणंही तसंच सोडत,
ठरल्या वेळी, कमी दाबाने.

आता ते वाकले. पाइपला कान लावला.
"अंकल, प्लीज, हात नका लावू—"
"तिसऱ्या रांगेत हवा आहे."
"नाही हो, सेन्सर आहेत. अ‍ॅपवर सगळं हिरवं दिसतंय."
पपांनी त्या मोबाइलकडे
परक्याच्या बाळाकडे पाहावं तसं पाहिलं.
"शेवटची झाडं बघ."

जांभळ्यात काही कळत नव्हतं. साधी ट्यूब लावली,
तर टोकाची सात रोपं मान टाकून.

मग आमची सहल तिथेच थांबली, पाऊण तास.
दोघं गुडघ्यांवर, एक पाना, एक जोड सैल,
कुणी शिंकावं तसा आवाज,
आणि पाणी.
पपा बोलतच राहिले. उतार. दाब.
हवा नेहमी वरच्या कोपऱ्यात का बसते.
शहाऐंशी साली मोठी लाइन फुटली,
रात्रभर कमरेइतक्या पाण्यात उभा,
"हिने डबा पाठवलेला, तो गेला वाहत,
झाकण तेवढं सापडलं."
ग्लॅडविन हसला.
आम्ही नाही. अकरा महिन्यांत
"हिने" हा शब्द घरात कुणी उच्चारला नव्हता.

निघताना त्याने पैसे परत देऊ केले. आत्याने घेतले,
इराचे पंचाहत्तरसुद्धा.
वर मुळांसकट एक बेझिल.

ते आता ओट्यावर स्टीलच्या पेल्यात उभं आहे.
पहाटे पाणी आलं की पपा ते बदलतात,
"आज दाब बरा आहे," म्हणतात, तिकडे तोंड करून.
चव कुणालाच आवडलेली नाही.
वरणात घातलं, तर इराने पान पान वेचून
ताटाच्या कडेला लावलं.
वाढतंय मात्र.