धुऱ्याकडच्या पाच ओळी

सव्वीस जानेवारीला भोयर हेडमास्तर म्हणाले,
बावीस वर्षं बंदूक वागवली तुम्ही,
पोरांना सांगा, दहशतवाद कसा मोडायचा.
वीस मिनिटं. मग बुंदी आहे.

मी इस्त्रीच्या कपड्यांत उभा राहिलो.
समोर चुन्याची फक्की, पाचवी ते दहावी,
आणि तिसऱ्या रांगेत रेहानचा धाकटा भाऊ.

रेहान म्हणजे स्टँडवरचा मोबाइल रिपेअरिंगवाला.
रात्री दीडला त्याला जीपमध्ये घातलं,
आणि सहा वर्षं दोन महिन्यांनी
'पुराव्याअभावी' हा एवढा एक शब्द देऊन
दिग्रसच्या एसटीत बसवून दिलं.
आता तो शेळ्या राखतो.
शेळ्यांनाही नावानं हाक मारत नाही.

त्याच रांगेत ठोंबऱ्यांचा पवन.
त्याच्या फोनवर दिवसभर तलवारी चमकतात.
त्याच्या बापाच्या फोनची काच
रेहाननं पोळ्याच्या दिवशी फुकट बदलून दिली होती.
पवनला ते आठवत नाही. लहान होता.

मी सांगितलं, आम्ही घर कसं घेरायचो.
किती वाजता, किती जण, दार कसं उघडायचं.
पोरं खूश.
हे नाही सांगितलं
की एका पहाटे त्या दारामागे एक मुलगा होता,
दप्तर पोटाशी धरून,
आणि त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
जसं कुणी पत्ता पाठ करतं.
काही वर्षांनी आमच्या यादीत त्याच नावाचा फोटो आला.
या नावाची हजार पोरं असतात, म्हणालो मी.
अजून तेच म्हणतो.

मग आठवीतली रोहिणी कुमरे उठली.
"काका, मंग संपले काय थे?"
हेडमास्तर म्हणाले, खाली बस.

मला एकदम आठवला देवमन नगराळे,
कृषी केंद्रात पोती उचलणारा.
कपाशीच्या थैलीत तेव्हा एक छोटं पाकीट यायचं,
साधं बियाणं, विष नसलेलं.
धुऱ्याकडून पाच ओळी लावा, असं बारीक अक्षरात.
आम्ही हसलो. अळीले जेवाले बसवाचं का बाप्पा?
पाकिटं धुऱ्यावरच फेकली.
देवमन म्हणायचा,
साध्या अळीलेबी राहू द्या थोडं.
सारंच वावर विषारी केलं त जगन कोन?
जिले विष पचलं थेच.
मंग तिची सोयरीकबी तिच्यासारख्याशीच.

गुलाबी आली. बोंड बाहेरून शाबूत,
आत सगळं खाल्लेलं.
आम्ही फवारा वाढवला, एका औषधात दुसरं मिसळलं.
त्या साली सरकारी दवाखान्यात खाटा भरल्या
त्या फवारणाऱ्यांनी.

माणूस अळी नाही, हे मी शपथेवर सांगतो.
माणसाला अळी म्हणायला लागलं की पुढं काय होतं
ते मी पाहिलंय, दोन्हीकडून.
मी फक्त त्या पाच ओळींचं बोलतो आहे.
चहाची टपरी, रिपेअरिंगचं शटर,
मशिदीमागचं क्रिकेट, गणपतीची वर्गणी मागणारा अन्वर,
जिथं अर्धवट रागावलेलं पोरगं
अर्धवटच रागावलेलं राहू शकतं,
आणि संध्याकाळी भूक लागली म्हणून घरी जातं.
कुठलाच देश थैलीवरचं बारीक अक्षर वाचत नाही.

यातलं काहीच मी बोललो नाही.
"नाही संपले," एवढंच म्हणालो.
टाळ्या कुठं वाजवायच्या ते पोरांना कळेना.

बुंदीचा पुडा घेऊन नाल्यावरून येताना
रेहान दिसला, बाभळीखाली, पाय पोटाशी घेऊन.
माझा फोन धड होता, तरी पुढं केला.
म्हटलं, आवाज येत नाही रे याचा. पाह्यतं का?

त्यानं फोन कानाशी धरला,
बटणं दाबली, पुन्हा धरला.
शेळ्या पुढं गेल्या होत्या.

"आवाज त येऊन राह्यला, काका,"
फोन माझ्या हातात ठेवत तो म्हणाला,
"तुमालेच आयकू येत नसन."