पाणकणीस, नग एक्केचाळीस

निरुपमा दिघे आमच्या कंट्रोल रूममध्ये आली
तेव्हा मला वाटलं, पाणीपट्टीची तक्रार असेल.
तिनं मागितली पुराची जुनी रजिस्टरं.
शिल्प करायचंय म्हणाली, नदीकाठी.
मी म्हटलं, बाई, विश्वामित्रीच्या काठाला
मगरी आहेत, बाभळी आहेत, अख्ख्या बडोद्याचं सांडपाणी आहे,
शिल्प अजून कुणी मागितलेलं नाही.
हसली. चहा घेतला नाही. रजिस्टरं घेतली.

त्या त्या वर्षी पाणी सगळ्यात वर कुठवर चढलं
एवढंच उतरवून घेतलं, पेन्सिलीनं.
एका फुटाला चार इंच.
मकरपुऱ्यात जशू पंचालच्या शेडमध्ये
लोखंडाच्या एक्केचाळीस कांड्या कापल्या गेल्या,
प्रत्येकीच्या टोकाला पाणकणसाचं बोंड,
आतून पोकळ,
वारा शिरला की बाटलीच्या तोंडासारखं घुमणारं.

आता त्या घाटाच्या पायरीवर उभ्या आहेत.
दुष्काळाची वर्षं गुडघ्याएवढी,
पोरं त्यांना टेकून शेंगा खातात.
पुराची, डोक्याच्या वर.
रंग दिलेला नाही. गंजू दे म्हणाली.
पाटीवर बरीच नावं आहेत,
माझं नाही, ते बरंच आहे.

कारण डावीकडून सतरावी कांडी
खोटी आहे.

त्या रात्री काळाघोडा पुलावर माझी पाळी होती.
दर तासाला खांबावरच्या आकड्यांवर बॅटरी मारायची,
वाचायचं, लिहायचं.
फोन तर मध्यरात्रीच बंद पडलेले.
दोन वाजता वाचलं.
मग रेनकोटसकट बाकावर जरा टेकलो.
जागा झालो तेव्हा साडेपाच,
पाणी उतरायला लागलेलं,
आणि खांब पावसानं वरपासून खालपर्यंत
सारखाच ओला.
तीन, चार, पाच. तीन रकाने कोरे.
मी भरले. चारला थोडं जास्त दिलं,
शोभेल इतकं.
साहेबांनी सही केली. वर्षाचा उच्चांक तोच ठरला.

सांगायला गेलो होतो. जशूच्या शेडपर्यंत.
ठिणग्या उडत होत्या,
त्यानं काळी काच कपाळावर सरकवून विचारलं,
"बोलो, सबनीसभाई?"
म्हटलं, काही नाही, बघायला आलो.

गेल्या भाद्रपदात नदी घाट चढून आली.
निवृत्त माणसाला कोण बोलावतं, गच्चीवरून पाहिलं.
दोन दिवस एकही कांडी दिसत नव्हती.
उतरल्यावर गेलो, चपला हातात घेऊन.
सगळी उभी होती, चिखलात माखलेली,
आणि वारा असून गप्प.
बोंडाबोंडात गाळ.

चहावाल्याकडून स्टूल आणलं,
सायकलची एक तार.
सतराव्या कांडीतून निघाली
मूठभर काळी माती, एक गोगलगाय,
कुणाच्या तरी दवाखान्याच्या चिठ्ठीचा लगदा.
खालून एका पोरीनं विचारलं,
"काका, सू करो छो?"
उत्तर सुचलं नाही. तार आत फिरवत राहिलो.
मग ती हलकीशी घुमली,
बाकीच्या घुमायच्या तशीच.

स्टूल उचलून अठरावीकडे सरकलो.
ती खरी आहे.
तिच्यातही तेवढाच गाळ.