अज्ञात क्रमांक सतरा

बिवलकर मॅडमनी चिठ्ठ्या उचलायला लावल्या,
भिशीत उचलतात तशा.
मला सतरा आला.
तिरक्या आगरची नळी, कापसाचा बोळा,
वर स्केचपेनने आकडा, बाकी काही नाही.
"तीन आठवडे. नाव शोधून आणा," म्हणाल्या,
"आणि पिपेट तोंडाने ओढू नका."

पहिल्या दिवशी मी त्याला जाळलाच.
काच ज्योतीवर धरली जरा जास्त,
भिंगाखाली नुसता काळसर चुरा.
दुसऱ्या खेपेला अल्कोहोल ओतताना
फ्लॉसी डाबरे शेजारून आकडे मोजत होती,
दहाला म्हणाली, पाणी!
मग तेलाचा थेंब, शंभरचं भिंग,
श्वास धरून फिरवलेला बारीक स्क्रू.
गुलाबी. भगरीच्या दाण्याहून जरा लांबट,
पंगत न धरता विखुरलेले.

जांभळी राहिली ती फक्त माझी बोटं.
बसमध्ये तिकीट फाडताना कंडक्टर म्हणाला,
"काय ताई, आज मतदान कुठे होतं?"

मग चौकशी.
साखर खातोस? एक खातो, दुसरी नाही.
पोहतोस? लोंबत्या थेंबात आडवातिडवा पळाला.
सिट्रेटवर जगशील?
रात्रीतून हिरवी नळी निळी करून ठेवली.
इंडोलचं लाल कडं? नाही.
जिलेटिनची नळी कलती केली
तर आत पाणीच हललं.
पुस्तकातला तक्ता प्रत्येक वळणावर
हो की नाही, एवढंच विचारायचा,
आणि माझ्याकडे बरेचदा
"थोडंसं" होतं.

बाबा भांडुपच्या जलशुद्धीकरणात, क्लोरीनच्या पाळीला.
शर्ट दोनदा धुतला तरी तो वास.
जेवताना विचारायचे, "बोलला का तुझा पाहुणा?"
मी दिवसभर याला पेप्टोन भरवून यायची,
ते याच्या भाऊबंदांना मारून.
आमटी एकाच पातेल्यातली.

शनिवारी उबवणपेटीत जागा नव्हती.
मोकल काकांनी माझी एक प्लेट काढली,
सिंकवरच्या खिडकीत ठेवली
आणि कुलूप लावून उरणला गेले.
सोमवारी मी ओरडणारच होते.

प्लेट लाल होती.
कोकमाच्या आगळाचा लाल,
जिथून जिथून माझा लूप फिरला होता
तिथली रेघ न् रेघ.
सदतीस अंशांवर इतके दिवस
हा आपला सायीसारखा पांढरट.

मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला.
"ऊब जास्त झाली की हा रंग दाखवत नाही.
काकांचे आभार माना.
आणि जर्नलमध्ये खरं लिहा,
पेटीत जागा नव्हती म्हणून."

सेरॅशिया मार्सेसन्स.
फ्लॉसी म्हणाली, आमच्या सेराफिना मावशीच्या
सासरचं कुणीतरी वाटतं.

तोंडी परीक्षेत विचारलं, "राहतो कुठे?"
मी पाठ केलेलं म्हटलं: माती, पाणी, रुग्णालयं.
"घरची मोरी बघितलीस कधी?"

संध्याकाळी बघितली.
नळाच्या बुडाशी, बादलीच्या कडेखाली
ती फिकट गुलाबी रेघ,
रविवारी आई काथ्याने घासते
आणि बुधवारपर्यंत परत येते ती.
"शेवाळ आहे ते," आई म्हणाली,
"नवरा क्लोरीनवाला असून जात नाही मेलं."
मी नाव सांगितलं. पूर्ण.
ती काथ्या धरून थांबली.
"आणि आहे कधीपासून?"
"आपण इथे राहायला यायच्या आधीपासून असेल.
पण तोच आहे, असं नाही सांगता येत."
नुसत्या रंगावरून नाव देऊ नये,
एवढं तरी शिकले होते.

पिशवीत एक निर्जंतुक नळी होती,
काकांना न विचारता आणलेली.
कापसाची काडी रेघेवरून फिरवली,
आत सोडली, बोळा लावला,
वर लिहिलं: अठरा.

"झालं?" आई म्हणाली.
"सरक मग. घासू दे मला."