ह्वान लावा

पहिल्याच पानावर एकोणीस ह्वान.
पाद्रीबुवांनी एका रविवारी एकाच घागरीतलं पाणी
रांगेनं शिंपडलं, जो पुढे आला तो ह्वान.
आता कर नेमका कोणत्या ह्वानकडून घ्यायचा?
म्हणून मला बोलावणं.

मी डोकं काढतो. नाक, कान, मागे कापलेले केस.
मग डोक्यातून एक रेघ वर नेतो,
कोळ्याच्या धाग्याएवढी,
आणि तिच्या टोकाला टेकवतो घरातलं नाव:
ह्वान निवडुंगाचं बोंड.
ह्वान धूर.
ह्वान फुटकी ढाल. (हा आयुष्यभर मीठ विकत आला.)
कपाळावर लिहिलेलं मला वाचता येत नाही,
कपाळाच्या वर असतं तेवढं लिहितो.

बायकांना नाव कुठलं? थोरली, मधली, धाकटी.
थोरलीसाठी मी दगड काढतो, मग नाक, मग निशाण.
ते. याका. पान.
ती वाकून बघते. यात मी कुठाय?
वस्तू तुझ्या नाहीत, बाई. त्यांचा आवाज तुझा.
गालावर एक थेंब काढायचा, विधवेची तशी खूण आहे.
तिनं तो बोटानं पुसायला पाहिला. शाई ओली होती.

शेजारचं डोकं तिच्या नवऱ्याचं.
नाकातून रक्त जायची साथ आली, त्यात गेला.
मेलेल्याचे डोळे मिटलेले काढायचे,
म्हणजे मोजणारा त्यांना सोडून पुढे जातो.
ती म्हणाली, उघडे ठेव.
कर मी भरीन. मका, कोंबडी, पडेल ते.
वर्षातून एकदा कुणीतरी येऊन विचारेल ना, सोलिन कुठाय?

कारकून पेन चावत होता. हे काय, कोंबडं?
लावा, मी म्हटलं. सोलिन.
त्यानं खाली काहीतरी लिहिलं, सोलिनपेक्षा आखूड.

मी डोळे मिटले त्याचे. एकच फटकारा. हात थरथरला नाही,
हे सांगायला नको होतं.
मग रेघेवरून वर गेलो, लाव्यापाशी,
आणि त्याचा डोळा सबंध गोल काढला, काळाभोर,
भोवती कागद कोरा सोडून.
पाखरं कुणी मोजत नाही.

ती बराच वेळ बघत राहिली.
मग म्हणाली, पोटावर ठिपके कमी पडलेत.
मी पुन्हा काजळी खलायला घेतली.